तिकीट

टेबलावर तीन माहितीपत्रकं. एकावर चहाच्या कपाचं कडं उमटलंय.
बाहेर ॲबर्डीन, दगड आणि आकाश एकाच थानातून फाडल्यासारखं.

बावीस वर्षं उत्तर समुद्रातल्या तेलाच्या रिगवरचं
दुरुस्तीचं काम मी लावून दिलं:
कुठला व्हॉल्व्ह कितव्या तासाला, कुठला वेल्डर कुठल्या हेलिकॉप्टरनं,
कुणाला कुणाशेजारची खाट द्यायची नाही.
आता रिग एकेक करून भंगारात चालल्यात.
पवनचक्कीवाल्यांकडचा मुलगा, गळ्यात पट्टा, दाढी कोरलेली,
म्हणाला, अनुभव दांडगा आहे, मिसेस मच.
प्रमाणपत्र कुठलं?

पहिलं अमेरिकेचं. एकशे ऐंशी प्रश्न,
आणि त्याआधी तुम्ही आजवर काय काय चालवलंत
त्याचा तासागणिक हिशेब.
दुसरं आमच्याकडचं, प्रिन्स टू.
(पहिल्या राजपुत्राचं काय झालं, कुणी सांगत नाही.)
त्यात वरच्या परीक्षेला पुस्तक उघडं ठेवता येतं,
म्हणजे कुठल्या पानावर काय, हे माहीत असणाऱ्यांचं राज्य.
तिसरं दोन दिवसांचं. रंगीत चिठ्ठ्या भिंतीला डकवायच्या,
उभ्यानं बैठक घ्यायची, शेवटी एक बिल्ला.
डॉड म्हणतो, तिसरं घे, स्वस्तात आहे.
आणि तू बसलीस कधी?

सरावाचा प्रश्न: ठेकेदार मागे पडलाय. तुम्ही आधी काय कराल?
अ, जोखमीची नोंदवही पाहाल. ब, वरिष्ठांना कळवाल.
क, करार वाचाल. ड, बैठक बोलवाल.
मी आधी फोन लावला असता मुकादमाच्या बायकोला,
विचारलं असतं, त्याची आई अजून इस्पितळातच आहे का.
असा पर्याय नाही. मी ड म्हटलं. उत्तर अ.

माझ्या बापानं चाळिशीत तिकीट काढलं.
मासेमारीच्या बोटीवर कप्तानाच्या परवान्याला आमच्याकडे तिकीट म्हणतात,
जणू ते हातात आलं की कुठंतरी जाता येतं.
तोवर पंधरा वर्षं बोट तोच हाकत होता,
कागदोपत्री कप्तान मात्र चुलता.
आई त्याची तोंडी परीक्षा घ्यायची
ओटच्या पिठात घोळवलेली हेरिंग तळता तळता,
झारा उगारून: वर लाल, खाली पांढरा?
तो घामाघूम. वादळात ज्याचा श्वास वाढला नाही, तो.

रात्री अर्ज उघडला, नुसतं बघू म्हणून.
प्रकल्पाचं नाव. तुमची भूमिका. निष्पत्ती.
नऊ दिवस धुकं होतं तेव्हाचं लिहावं का?
हेलिकॉप्टर नाही, त्रेचाळीस माणसं, लोणी संपलेलं,
दोघं हातघाईवर आलेले,
आणि मी किनाऱ्यावर बसून त्यांचं वेळापत्रक
दर सहा तासांनी उसवत, पुन्हा शिवत.
ह्याचे तास किती लिहू? झोपले नाही ते धरायचे?
निष्पत्ती: सगळे घरी आले.
रकाना लाल झाला. शब्द कमी पडतात, म्हणाला.

तेव्हाच ठरलं बहुधा. अमेरिकेचंच.
ते चांगलं म्हणून नव्हे. फीचा आकडा पाहून
डॉडनं टीव्हीचा आवाज वाढवला.
पण तिघांत तेवढं एकच विचारत होतं, किती.
बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं,
आणि मलाही सांगता येत नव्हतं, हे कळायला
तो लाल रकाना लागला.

रविवारी पीटरहेडला गेले, आईच्या वृद्धाश्रमात,
प्रश्नांच्या कार्डांचा गठ्ठा पर्समध्ये.
ती मला कधी बहीण समजते, कधी नर्स.
गठ्ठा तिनं काढून घेतला, वरचं कार्ड उलटं धरलं,
डोळे बारीक केले:
वर हिरवा, खाली पांढरा?

जाळं ओढणारी बोट, म्हटलं मी. रात्रीची.

हूं, म्हणाली ती,
आणि पुढचं कार्ड काढलं.